आईबाबांचा मुक्काम वाढवताना : आधी व्हिसा, मग तिकीट

पाहुण्याला ‘कधी निघणार?’ असे विचारू नये, ही आपली रीत. ऑस्ट्रेलियाचे सरकार मात्र हा प्रश्न पाहुणा विमानात बसण्यापूर्वीच विचारते आणि त्याचे उत्तर लिहूनही ठेवते. आपल्या घरी आईबाबा किंवा सासूसासरे आले, की या दोन रीतींची गाठ पडते.

स्प्रिंगफील्ड लेक्समध्ये संध्याकाळी तळ्याकाठी फेरी मारली, तर बाबागाडी ढकलणाऱ्या आजी आणि त्यांच्या मागे सावकाश चालणारे आजोबा हमखास भेटतात. पुष्कळजण मुलीच्या किंवा सुनेच्या बाळंतपणासाठी तीन महिन्यांचे तिकीट काढून आलेले असतात. मग बाळ अपुऱ्या दिवसांचे होते, सुनेची रजा संपते, नाहीतर आजोबांचाच गुडघा दुखावतो. ‘आणखी दोन महिने राहा ना आई,’ असे कोणीतरी म्हणते, आई हो-नाही करत तयार होतात, आणि पाच मिनिटांत निर्णय होतो. त्यानंतर पहिला फोन जातो तो तिकीट काढून देणाऱ्या एजंटला.

नेमका इथेच क्रम उलटा होतो. तारीख बदलून देताना विमान कंपनी आसन रिकामे आहे का आणि पैसे किती घ्यायचे, एवढेच पाहते. त्या तारखेपर्यंत प्रवाशाला या देशात राहण्याची परवानगी आहे का, हे पाहणे तिचे काम नाही. नव्या तारखेचे तिकीट हातात आले म्हणजे मुक्काम वाढला, असा समज करून घेतल्यास आपली माणसे नकळत बेकायदा रहिवासी ठरू शकतात. म्हणून व्हिसा, विमा, औषधे आणि शेवटी तिकीट, असा क्रम या लेखात लावून दिला आहे.

एक खुलासा आधीच करतो. मी व्यवसायाने सॉफ्टवेअर इंजिनियर आहे, व्हिसाचा सल्लागार नाही. ही सर्वसाधारण माहिती आहे. आपल्या प्रकरणात गुंतागुंत असेल, तर नोंदणीकृत मायग्रेशन एजंटकडेच जावे आणि पैसे देण्यापूर्वी त्याचा नोंदणी क्रमांक सरकारी यादीत तपासावा. नोंदणी नसताना पैसे घेऊन असा सल्ला देणे या देशात गुन्हा आहे.

१. व्हिसावरच्या दोन तारखा

आपल्याकडचे बहुतेक पाहुणे ‘व्हिजिटर व्हिसा, उपवर्ग ६००’ घेऊन येतात. त्याच्या मंजुरीपत्रावर दोन वेगळ्या गोष्टी लिहिलेल्या असतात. देशात कोणत्या तारखेपर्यंत प्रवेश करता येईल, ही पहिली. प्रत्येक वेळी आल्यावर किती काळ राहता येईल, ही दुसरी. हा काळ साधारणपणे ३, ६ किंवा १२ महिने असतो.

उदाहरण घेऊ. समजा, आईंना १ मार्च २०२५ रोजी तीन वर्षांचा, अनेक वेळा प्रवेश देणारा व्हिसा मिळाला आणि प्रत्येक मुक्काम ३ महिन्यांचा ठरला. त्या १० मे रोजी ब्रिस्बेनला उतरल्या. कागदावर चटकन डोळ्यांत भरते ती २०२८ची तारीख, आणि घरातले सगळे निश्चिंत होतात. प्रत्यक्षात हा मुक्काम ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यातच संपतो. २०२८ची तारीख पुढच्या फेऱ्यांसाठी आहे, या फेरीशी तिचा संबंध नाही.

बोटांवर मोजत बसण्यापेक्षा ‘व्हेवो’ ही सरकारची विनामूल्य ऑनलाइन सेवा वापरावी. पासपोर्ट क्रमांक, जन्मतारीख आणि मंजुरी क्रमांक घातला की या मुक्कामाची शेवटची तारीख आणि व्हिसाच्या सर्व अटी दिसतात. पाहुणे आल्याच्या पहिल्याच आठवड्यात तो उतारा छापून फ्रिजवर लावावा.

२. अट क्रमांक ८५०३

अटींच्या यादीत सर्वांत आधी ८५०३ हा आकडा शोधावा. या अटीचा अर्थ ‘पुढील मुक्काम नाही’ असा आहे. ती लागलेली असेल, तर देशात राहून दुसरा व्हिसा मिळवता येत नाही. अपवाद फार थोडे आहेत. ही अट नसेल, तर मुदत संपण्यापूर्वी इथूनच नवा व्हिजिटर व्हिसा मागता येतो. ‘व्हिसा वाढवणे’ असे आपण बोलताना म्हणतो, पण जुन्या व्हिसाची तारीख कोणी पुढे ढकलत नाही. अर्ज नवा, शुल्क नवे आणि निर्णयही नवा.

८५०३ ही अट माफ करून घेण्याची सोय आहे, मात्र तिचे निकष कडक आहेत. व्हिसा मिळाल्यानंतर परिस्थितीत मोठा बदल झालेला असावा, तो आपल्या हाताबाहेरचा असावा, आणि कारण गंभीर व सहानुभूतीने विचार करण्याजोगे असावे. अचानक करावे लागलेले ऑपरेशन किंवा अपघात अशा वेळी डॉक्टरांचे पत्र जोडून विनंती करता येते. बाळंतपणाची तारीख व्हिसा घेतानाच ठाऊक असेल, तर तेवढ्यावर ‘नंतर उद्भवलेली परिस्थिती’ म्हणता येणार नाही. एकदा नकार मिळाल्यावर तेच कारण पुन्हा मांडून उपयोग होत नाही, काही वेगळे सांगावे लागते. माफी मिळाली तरी मुक्काम आपोआप वाढत नाही. त्यानंतर नव्या व्हिसाचा अर्ज करावाच लागतो.

उपवर्ग ६०० मध्येच ‘स्पॉन्सर्ड फॅमिली’ नावाचा एक प्रवाह आहे. यात इथला नातेवाईक हमी देतो आणि सरकार त्याच्याकडून अनामत रक्कमही मागू शकते. या प्रवाहात ८५०३ अट असतेच. पाहुण्याने मुदत मोडली तर अनामत जप्त होऊ शकते, आणि हमी देणाऱ्याला पुढील ५ वर्षे दुसऱ्या कोणासाठी हमी देता येत नाही. ज्यांचे आईबाबा या मार्गाने आले आहेत, त्यांनी मुक्काम वाढवण्याचा विषय बाजूला ठेवून ठरल्या दिवशी निघण्याची तयारी करावी, हे उत्तम.

३. अर्ज केल्यानंतर काय होते

मुदतीच्या आत इथून वैध अर्ज केला, की साधारणपणे ‘ब्रिजिंग व्हिसा ए’ मिळतो. मूळ व्हिसाची मुदत संपली आणि निर्णय अजून आलेला नसेल, तर त्या दिवसापासून हा पूल कामाला लागतो. त्यामुळे निर्णयाची वाट पाहत इथे राहणे कायदेशीर असते. हा पूल एकाच दिशेचा आहे, हे मात्र विसरू नये. तो चालू असताना देश सोडला की तो संपतो आणि त्यावर परत येता येत नाही. परत येण्याची सोय हवी असेल, तर निघण्यापूर्वी ‘ब्रिजिंग व्हिसा बी’ मागून घ्यावा लागतो. गावी कोणी अत्यवस्थ असेल, तर घाईत नेमकी हीच गोष्ट राहून जाते.

अर्ज नाकारला गेला, तर ब्रिजिंग व्हिसा सामान्यतः निर्णय कळवल्यापासून ३५ दिवसांनी संपतो. त्या अवधीत निघण्याची तयारी करावी, किंवा फेरतपासणीच्या अर्जाबद्दल ताबडतोब जाणकाराला विचारावे.

आणखी एक मर्यादा आहे. व्हिजिटर व्हिसा आणि ब्रिजिंग व्हिसा यांचा सलग काळ मिळून १२ महिन्यांच्या पुढे जाणार असेल, तर असाधारण कारण दाखवावे लागते. काही दीर्घ मुदतीच्या व्हिसांवर ८५५८ ही अटही असते. तिच्यानुसार कोणत्याही १८ महिन्यांत १२ महिन्यांहून अधिक काळ इथे राहता येत नाही. अनेक वेळा प्रवेश देणारा व्हिसा असला, की शेजारच्या देशात जाऊन परत आल्यास मुक्काम नव्याने मोजला जातो, असे समारंभात कोणीतरी हमखास सांगते. तो सल्ला मानण्यापूर्वी ही अट आहे का ते पाहावे. शिवाय न्यूझीलंडला जायला भारतीय पासपोर्टवर वेगळा व्हिसा लागतो, आणि सत्तरीतल्या माणसाला केवळ शिक्क्यासाठी विमानप्रवास घडवावा का, याचाही विचार करावा.

मुदत मोडण्याची किंमत मोठी आहे. २८ दिवसांहून अधिक काळ व्हिसाविना राहून देश सोडल्यास पुढील ३ वर्षे तात्पुरता व्हिसा मिळण्यावर बंदी येऊ शकते. तेवढ्या काळात नातवंड बोलू लागते आणि शाळेच्या वाटेलाही लागते.

४. अर्जाला काय जोडावे

अर्ज ‘इमिअकाउंट’ या सरकारी खात्यातून ऑनलाइन करता येतो. शेवटच्या दिवसाची वाट पाहू नये, मुदत संपण्यापूर्वी निदान महिनाभर हाताशी असावा. राहण्याचे कारण सांगणारे साधे, खरे पत्र लिहावे. खर्च कोण करणार याचा पुरावा, म्हणजे आपले किंवा आईबाबांचे बँकेचे उतारे, जोडावेत. परत जाण्याची कारणेही दाखवावीत: गावातले घर, पेन्शन, तिथे असलेली इतर मुले. विम्याची प्रत जोडावी. वय ७५ किंवा अधिक असेल, तर वैद्यकीय तपासणी सांगितली जाते. तिची वेळ आणि खर्च धरून चालावे.

पासपोर्टची मुदतही याच वेळी पाहावी. इथे असताना पासपोर्टचे नूतनीकरण झाले, तर नवा क्रमांक गृहखात्याला कळवलाच पाहिजे. व्हिसा संगणकात पासपोर्ट क्रमांकाशी जोडलेला असतो. आम्हा संगणकवाल्यांच्या भाषेत सांगायचे, तर चावी बदलली आणि कुलपाला ते सांगितलेच नाही, असे होते.

५. विमा आणि औषधे

भारताशी ऑस्ट्रेलियाचा परस्पर आरोग्यसेवा करार नाही. त्यामुळे आपल्या पाहुण्यांना मेडिकेअर लागू होत नाही. सरकारी रुग्णालयातही त्यांना बिल येते. क्वीन्सलंडच्या रहिवाशांना रुग्णवाहिकेचे पैसे पडत नाहीत, पाहुण्यांना पडतात.

भारतातून काढलेला प्रवास विमा परतीच्या मूळ तारखेला संपतो. तो वाढवायचा असेल, तर संपण्यापूर्वीच कंपनीला कळवावे लागते. मधल्या काळात दावा केला आहे का, असे कंपनी विचारते, आणि एकूण दिवसांची कमाल मर्यादाही असते. ती ओलांडली तर इथल्या कंपनीचा परदेशी पाहुण्यांसाठीचा आरोग्य विमा घेता येतो. त्यात आधीपासून असलेल्या आजारांसाठी प्रतीक्षा काळ असतो आणि तो १२ महिन्यांपर्यंतचा असू शकतो. मधुमेह किंवा हृदयविकार असलेल्या आईबाबांसाठी हीच ओळ सर्वांत महत्त्वाची आहे, म्हणून सही करण्यापूर्वी ती वाचावी. दोन विम्यांमध्ये एका दिवसाचीही फट राहू देऊ नये.

आता गोळ्या. प्रवासी आपल्याबरोबर स्वतःपुरती तीन महिन्यांची औषधे, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, आणू शकतो. म्हणजे तीन महिन्यांच्या मुक्कामाचे पाच महिने झाले, की रक्तदाबाच्या गोळ्या चौथ्या महिन्यात संपणार. भारतातली चिठ्ठी इथल्या औषधाच्या दुकानात चालत नाही. ‘दादरहून कुरिअरने मागवू’ हा उपायही वाटतो तितका सोपा नाही. चिठ्ठीवर मिळणारी औषधे टपालाने मागवायची, तर ऑस्ट्रेलियात नोंदणी असलेल्या डॉक्टरची चिठ्ठी लागते.

तेव्हा गोळ्या तीन आठवड्यांच्या उरल्या असतानाच इथल्या जीपीची वेळ घ्यावी. पाकिटावरच्या नावाबरोबर औषधाचे मूळ रासायनिक नाव आणि मात्रा लिहून न्यावी. भारतात दोन-तीन औषधे एकाच गोळीत मिळतात. तीच जोडगोळी इथे मिळेल असे नाही, डॉक्टरांना ती वेगवेगळी लिहून द्यावी लागते. तपासणीची फी आणि औषधाची पूर्ण किंमत खिशातून द्यावी लागते, म्हणून पावत्या जपून ठेवाव्यात.

६. आता तिकीट

व्हिसाचा अर्ज दाखल झाला आणि पोच मिळाली, की तिकिटाकडे वळावे. तोपर्यंत जुने आरक्षण रद्द करू नये. ८५०३ अट निघाली, तर त्याच विमानाने जायचे आहे.

परतीचे तिकीट बहुधा प्रवास सुरू झाल्यापासून जास्तीत जास्त एक वर्ष चालते. स्वस्त तिकिटांची मुदत याहून कमी असू शकते. भाड्याच्या नियमांमध्ये तीन गोष्टी पाहाव्यात: कमाल मुक्काम किती, तारीख बदलण्याचा आकार किती, आणि विमान चुकवल्यास काय होते. तारीख बदलण्यासाठी दोन प्रकारचे पैसे पडतात, बदलाचा आकार आणि भाड्यातला फरक. समजा, आकार १५० डॉलर आणि फरक ४५० डॉलर, असे ६०० झाले. त्याच दिवसाचे नवे एकेरी तिकीट ५५० ला मिळत असेल, तर जुने सोडलेले बरे. मात्र तेही विमान सुटण्यापूर्वी रीतसर रद्द करावे आणि न वापरलेल्या विमानतळ करांचा परतावा मागावा. न सांगता गैरहजर राहिल्यास बहुधा सगळेच बुडते. दिवाळीच्या आधी आणि डिसेंबर-जानेवारीच्या शाळेच्या सुट्टीत भाडी चढलेली असतात. एक-दोन आठवडे पुढेमागे करता येत असतील, तर तेवढ्याने बराच फरक पडतो.

तिकीट एजंटकडून घेतले असेल, तर बदलही बहुधा त्याच्याकडूनच करावा लागतो. भारतातला एजंट असेल, तर तिथल्या कामाच्या वेळा आणि सणाच्या सुट्ट्या ध्यानात ठेवाव्यात.

ब्रिस्बेनहून मुंबईला जाताना सिंगापूर किंवा क्वालालंपूरसारख्या ठिकाणी विमान बदलावे लागते. दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर असावेत. वेगवेगळी तिकिटे घेतली, तर मधल्या देशात बाहेर येऊन सामान घ्यावे लागू शकते आणि त्यासाठी तिथला व्हिसा लागू शकतो. पैसे वाचले तरी एकट्या प्रवास करणाऱ्या आजींना हे झेपणारे नाही. मुंबईहून पुढे नागपूरचे वेगळे तिकीट किंवा पुण्याची गाडी ठरवली असेल, तर तीही बदलावी. तारीख बदलल्यावर व्हीलचेअर आणि शाकाहारी जेवणाची नोंद नव्या आरक्षणात आली आहे का, हे पुन्हा विचारावे. ती गळून पडण्याची शक्यता असते.

निर्णय येण्यापूर्वीच आईबाबा निघाले, तर अर्ज मागे घेतल्याचे कळवावे. इथून केलेला हा व्हिसा मंजूर होताना अर्जदार इथेच असावा लागतो. भरलेले शुल्क सहसा परत मिळत नाही.

७. तिकडची कामे

मुक्काम नोव्हेंबरपर्यंत लांबला, तर पेन्शनचा विचार करावा. सरकारी निवृत्तिवेतनधारकांना दरवर्षी नोव्हेंबरमध्ये हयातीचा दाखला द्यावा लागतो. आता ‘जीवन प्रमाण’ ही सोय असून २०२१ पासून मोबाइलवर चेहरा दाखवूनही तो देता येतो. ते जमले नाही, तर भारतीय दूतावासाचा मार्ग आहे. ब्रिस्बेनमध्ये भारताचे वाणिज्य दूतावास नोव्हेंबर २०२४ मध्ये सुरू झाले आहे. स्प्रिंगफील्ड सेंट्रलहून शहरात जायला रेल्वेचे तिकीट ५० सेंट आहे, तेव्हा जाण्याची वेळ आली तरी आजोबांची सहलच होईल. बँकेचे ओटीपी ज्या भारतीय मोबाइल क्रमांकावर येतात, त्याचे रिचार्जही चालू ठेवावे.

सहा महिन्यांहून अधिक काळ बाहेर राहिल्याने आईबाबा प्राप्तिकरासाठी ‘अनिवासी’ होतात, असा एक समज आहे. वर्षात ६० दिवस आणि आधीच्या चार वर्षांत मिळून ३६५ दिवस भारतात असलेली व्यक्तीही निवासीच धरली जाते. त्यामुळे सात-आठ महिने इथे राहून परत गेलेले आईबाबा बहुतेक वेळा निवासीच राहतात. शंका असल्यास त्यांच्या सीएला विचारावे.

८. अकल्पित घडले तर

मार्च २०२० मध्ये कोविडमुळे भारताने आंतरराष्ट्रीय विमाने थांबवली. मे महिन्यात ‘वंदे भारत’ची खास विमाने सुरू झाली, पण नेहमीची वाहतूक पूर्ववत व्हायला २७ मार्च २०२२ उजाडले. त्या काळात इथे अडकलेल्या पाहुण्यांच्या हातात परतीचे तिकीट होते, फक्त विमान नव्हते. विमान नाही म्हणून व्हिसाची मुदत आपोआप वाढली नाही. ज्यांच्यावर ८५०३ नव्हती, त्यांना सरळ नवा अर्ज करता आला. ज्यांच्यावर होती, त्यांना आधी माफी मागून मग अर्ज करावा लागला. व्हिसाची जबाबदारी विमान कंपनीवर जात नाही, ती आपल्याकडेच राहते, हा त्या दिवसांचा धडा.

थोडक्यात क्रम असा ठेवावा :

• पाहुणे आल्यावर पहिल्या आठवड्यात : व्हेवो पाहणे, शेवटची तारीख आणि ८५०३ तपासणे.
• दोन महिने आधी : राहायचे की जायचे हे ठरवणे, सगळा खर्च मांडणे.
• एक महिना आधी : व्हिसाचा अर्ज, विम्याची वाढ, जीपीची भेट.
• अर्जाची पोच मिळाल्यावर : तिकिटाची तारीख बदलणे, व्हीलचेअर आणि जेवणाची पुन्हा नोंद.
• निर्णय आल्यावर : नवी शेवटची तारीख पाहणे आणि तिच्या चार दिवस आत तिकीट आहे याची खात्री करणे.

खर्च मांडताना व्हिसाचे शुल्क, तपासणी, विमा, औषधे आणि तिकीट या सर्वांची एकत्र बेरीज करावी. इथून केलेल्या अर्जाचे शुल्क भारतातून केलेल्या अर्जापेक्षा जास्त असते. शुल्क दरवर्षी बदलते, म्हणून चालू आकडा गृहखात्याच्या संकेतस्थळावरच पाहावा. वर्षानुवर्षे येणे-जाणे आणि लांब मुक्काम होणार असेल, तर २०१९ मध्ये सुरू झालेला उपवर्ग ८७०, म्हणजे आईवडिलांसाठीचा ३ किंवा ५ वर्षांचा तात्पुरता व्हिसा, विचारात घ्यावा. तो महाग आहे, त्याला मुलांची हमी आधी मंजूर व्हावी लागते आणि अर्ज सामान्यतः ऑस्ट्रेलियाबाहेरून करावा लागतो. म्हणून त्याची आखणी पुढच्या फेरीसाठी करावी.

शेवटी एक विनंती. ही सारी चर्चा आईबाबांना समोर बसवून करावी. ‘तुम्ही काळजी करू नका, आम्ही बघतो’ असे म्हणून त्यांचा पासपोर्ट आपल्या खणात ठेवला जातो, आणि आपला मुक्काम कोणत्या नियमाने चालला आहे हे त्यांनाच माहीत नसते. तारीख, अटी आणि विम्याचा फोन नंबर त्यांच्या वहीत मराठीत लिहून द्यावा. राहायचे की परतायचे, हेही मोकळेपणाने विचारावे. घराला कुलूप लावून आलेल्या माणसाला तुळशीची आठवण येत असते, पण नातवाकडे पाहून तो ‘जातो’ म्हणत नाही. त्यांची इच्छा असेल, तर वरील क्रमाने केलेले काम अवघड नाही, आणि वाढलेले दोन महिने सर्वांनाच आनंदात घालवता येतील.